सायपरमेथ्रिनची जनुकीय आणि प्रजननविषयक सुरक्षा-चाचणी कशी करावी

कापसावरील बोंडअळी आणि वांग्याची फळे पोखरणारी अळी यांच्यासाठी फवारल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिनची ओळख आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्याने करून द्यावी लागत नाही. शेवंतीच्या कुळातील फुलांत आढळणाऱ्या पायरेथ्रिनच्या धर्तीवर बनवलेल्या पायरेथ्रॉइड गटातील हे कीटकनाशक चेतापेशींमधील सोडियमच्या मार्गिका अधिक काळ उघड्या ठेवून कीटकाला लुळे करते. या द्रव्यामुळे पेशीतील डीएनएला इजा होते का, आणि प्रजनन किंवा गर्भाची वाढ बिघडते का, हे प्रश्न मात्र वेगळे आहेत व त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. त्या हाती घेणाऱ्या तरुण सहकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे आणि त्यात एकच आग्रह धरणार आहे: अहवालात ‘परिणाम आढळला नाही’ असे लिहिण्याआधी, द्रव्य संबंधित पेशीपर्यंत पोहोचले होते याचा पुरावा हाती असला पाहिजे.

सुरुवात नमुन्यापासून करावी. सायपरमेथ्रिनच्या रेणूत तीन असममित कार्बन असल्याने त्याची आठ त्रिमितीय रूपे संभवतात, आणि सिस व ट्रान्स (रेणूतील गटांच्या मांडणीनुसार पडणारे दोन प्रकार) रूपांची विषारकता सारखी नसते, कारण ट्रान्स रूपांना शरीरातील एस्टरेज विकरे (एन्झाइम) लवकर मोडतात. म्हणून नमुन्याच्या प्रमाणपत्रावर शुद्धतेचा टक्का असणे पुरेसे नाही, तर सिस-ट्रान्स गुणोत्तर आणि लॉट क्रमांकही असावा. बाजारातल्या बाटलीत द्रावक आणि पायसकारक मिसळलेले असतात. त्या मिश्रणाची चाचणी स्वतंत्रपणे करावी आणि तिचा निष्कर्ष मूळ द्रव्याच्या नावावर मांडू नये. सायनो गट ज्याला जोडलेला असतो तो कार्बन मिथेनॉलसारख्या द्रावकात आपली रचना पालटू शकतो, त्यामुळे साठवणीचे द्रावण असल्या द्रावकात ठेवू नये आणि मात्रेचे द्रावण त्याच दिवशी बनवावे. हे द्रव्य लीटरभर पाण्यात जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळते आणि प्लास्टिकच्या भिंतींना चिकटते. पेशींच्या प्रयोगात शक्य तिथे काचेची भांडी वापरावीत आणि माध्यमातील तीव्रता सुरुवातीला व शेवटी प्रत्यक्ष मोजावी, कारण कागदावरची तीव्रता पेशींना मिळालेलीच असते असे नाही.

पहिली चाचणी जिवाणूंमधील जनुकीय बदल पाहणारी, म्हणजे ब्रूस एम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी, ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या) ४७१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार करावी. तिच्यात साल्मोनेलाचे टीए९८, टीए१००, टीए१५३५ आणि टीए१५३७ हे वाण, आणि जोडीला टीए१०२ किंवा ई. कोलायचा योग्य वाण घ्यावा. किमान पाच तीव्रता ठेवाव्यात. विद्राव्यतेची आणि जिवाणूंच्या मृत्यूची आडकाठी नसेल तर प्लेटमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत जाता येते, पण सायपरमेथ्रिनचा साका त्याआधीच दिसू शकतो. तो कोणत्या तीव्रतेला दिसला याची नोंद ठेवावी आणि वसाहती मोजण्यात त्याचा अडथळा येत नाही ना, हे पाहावे. यकृतातील विकरांचे एस-९ मिश्रण घालून आणि न घालता, असे दोन्ही प्रकारे काम करावे. एस-९ कार्यक्षम आहे हे सिद्ध करण्यासाठी केवळ २-अमिनोअँथ्रासीन या तुलनेसाठीच्या ज्ञात द्रव्यावर विसंबू नये.

सस्तन प्राण्यांच्या पेशींतील गुणसूत्रांची चाचणी, मार्गदर्शिका ४७३, इथे थोडक्यात सांगतो: ३ ते ६ तासांचा संपर्क एस-९सह आणि एस-९शिवाय, तसेच एस-९शिवाय सलग दीर्घ संपर्क, प्रत्येक तीव्रतेला किमान ३०० मेटाफेज (विभाजनाच्या मध्यावस्थेतील पेशी), आणि पेशींवर विषारी परिणाम होत असेल तर सर्वोच्च तीव्रता सुमारे ५५ टक्के पेशीविषाक्तता दाखवणारी. त्याहून वर गेल्यास मरणाऱ्या पेशींचे तुटके गुणसूत्र मोजले जाण्याचा धोका असतो.

प्राण्यांवरच्या कामाला हात घालण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मान्यता घ्यावी. तसेच जिथे कमी प्राण्यांत उत्तर मिळू शकते तिथे जास्त वापरू नयेत.

सूक्ष्मकेंद्रक (गुणसूत्राच्या सुट्या तुकड्यापासून बनणारे छोटे केंद्रक) चाचणीत, म्हणजे मार्गदर्शिका ४७४मध्ये, प्रत्येक प्राण्याच्या अस्थिमज्जेतील किमान ४,००० अपक्व तांबड्या पेशी पाहाव्या लागतात. पायरेथ्रॉइडच्या बाबतीत माझ्या मते सर्वांत नाजूक पायरी हीच आहे. मक्याच्या तेलातून दिलेले द्रव्य पाण्यातील निलंबनापेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते, म्हणून वाहक कोणता ते ठळक लिहावे. सायनो गट असलेल्या पायरेथ्रॉइडने लाळ गळणे, शरीर पिळवटल्यासारख्या हालचाली आणि कंप दिसतात, आणि शरीराचे तापमान बदलू शकते. तापमान बराच वेळ खूप खाली किंवा वर राहिले तर केवळ त्यामुळेही सूक्ष्मकेंद्रके वाढू शकतात. त्यामुळे वरच्या मात्रेच्या प्राण्यांचे गुदद्वारातील तापमान ठरावीक तासांनी नोंदवावे, नाहीतर ज्वर किंवा थंडीचा परिणाम जनुकीय हानी समजला जाईल. द्रव्य अस्थिमज्जेपर्यंत पोहोचले याचा पुरावा दोन ठिकाणी मिळतो: अपक्व पेशींचे प्रमाण घटणे आणि रक्तातील पातळी. उंदराच्या रक्तद्रवात कार्बोक्सिलएस्टरेज असते आणि रक्त काढल्यानंतरही ते द्रव्य मोडत राहते, म्हणून रक्त बर्फावर घ्यावे, त्यात सोडियम फ्लोराइडसारखा अवरोधक घालावा आणि लगेच सेंट्रिफ्यूज करावे. माणसाच्या रक्तद्रवात हे विकर नसते, ही गोष्ट निष्कर्ष माणसांना लावताना ध्यानात ठेवावी.

प्रजननाच्या चाचणीत एका पिढीच्या विस्तारित अभ्यासाची ४४३ ही किंवा दोन पिढ्यांची जुनी ४१६ ही मार्गदर्शिका वापरतात. गर्भातील विकृतींसाठी ४१४. दोन पिढ्यांच्या अभ्यासात नरांना समागमाआधी १० आठवडे द्रव्य देतात, कारण शुक्रपेशी तयार होऊन अधिवृषणातून बाहेर पडण्यास तेवढा अवधी लागतो. घाई केल्यास इजा झालेल्या शुक्रपेशी तपासणीत येतच नाहीत. प्रत्येक गटात साधारण २० गाभण माद्या मिळतील अशी सोय करावी. द्रव्य खाद्यातून दिल्यास पिलांना दूध पाजणारी मादी दुप्पट-तिप्पट खाते आणि मात्रा त्याच प्रमाणात वाढते. म्हणून त्या काळात खाद्यातील तीव्रता कमी करावी आणि खाद्याचा हिशेब रोजच्या वजनाशी ताडून ठेवावा. नर पिलांत जननांग आणि गुदद्वार यांमधील अंतर मोजावे, पण ते पिलाच्या वजनाच्या संदर्भातच वाचावे.

कंप सुटलेली मादी पिलांना जवळ घेत नाही, आणि मग पिले मरतात. हा प्रजननावरचा थेट परिणाम आहे की आईच्या विषबाधेचा, हे वेगळे करायचे असेल तर पिलांची अदलाबदल करून, द्रव्य न मिळालेल्या मादीकडे ती वाढवावीत. शेवटी आकडेमोड करताना पिलू नव्हे, वेत हे एकक धरावे. एका मादीची १२ पिले ही १२ स्वतंत्र निरीक्षणे नसतात. तशी धरल्यास खोटा फरक सहज निघतो. प्रत्येक तक्त्यात वेतांची संख्या आणि आईच्या लक्षणांची नोंद पिलांच्या आकड्यांशेजारी छापावी.