खाऱ्या हवेत मेटल फ्रेमचं पिस्तूल घ्यायचंय? मग आधी ही तयारी करा

लायसन्स हातात पडलं की सगळे पहिलं हेच विचारतात, कुठलं घेऊ. काजू फॅक्टरीवाले, सराफ, हर्णै नाहीतर मिरकरवाड्याच्या लिलावाची रोकड घेऊन काळोखातून घरी जाणारे, म्हणजे ज्यांना खरंच धोका आहे म्हणून परवाना मिळालाय अशी माणसं. बहुतेकांच्या मनात नाव आधीच ठरलेलं असतं, वॉल्थर नाहीतर बेरेटा, पूर्ण मेटलचं, छोटं पण वजनदार. मला पण मेटल फ्रेमच (फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा मूळ सांगाडा) आवडते, हातात स्थिर बसते आणि झटका कमी जाणवतो, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून ते रोज कमरेला लावायचं असेल तर नाव ठरवायच्या आधी गंजाचा हिशोब करा, कारण समुद्राची हवा आणि अंगाचा घाम यांना पिस्तुलाची किंमत कळत नाही, पाच लाखांचं असो की एक लाखाचं.

सगळ्यात आधी परवाना स्वतः नीट वाचून काढा, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथे परवाना जिल्हाधिकारी देतात, म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने, पोलिसांचा रिपोर्ट आल्यावर. त्यावर हत्याराचा प्रकार, गोळ्यांची मर्यादा, विकत घ्यायची मुदत आणि कुठल्या भागात बाळगता येईल ते सगळं लिहिलेलं असतं. हा शेवटचा मुद्दा सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांनी तर दोनदा वाचा, परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर पत्रादेवी ओलांडून गोव्यात हत्यार नेता येत नाही, आणि तिकडे कामाला रोज जा-ये करणारे कितीतरी आहेत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात (आधी तीन होती) आणि परवाना पाच वर्षांचा झालाय. शेतीसंरक्षणाची आजोबांची बारा बोअर आधीच तुमच्या नावावर असेल तर ती या दोनात धरली जाते, हे पैसे भरायच्या आधी लक्षात घ्या.

मग कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप. परदेशी व्हिडिओ बघून लोक सिग पी२२९, सीझेड पी-०१, सीझेड ७५ कॉम्पॅक्ट अशी नावं घेऊन येतात. पिस्तुलं सुंदरच आहेत, पहिल्या दोघांची फ्रेम अॅल्युमिनियमची आणि सीझेड ७५ कॉम्पॅक्टची स्टीलची, पण ती नाइन एमएममध्ये येतात आणि आपल्याकडे नाइन एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, सामान्य माणसाच्या परवान्यावर मिळत नाही. आपल्या कामाचं म्हणजे पॉइंट ३२ एसीपी, तीच ती ७.६५ एमएम, जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बनवलेली. ताकद नाइन एमएमच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे नेम चांगला पाहिजे, पण झटका कमी म्हणून छोट्या पिस्तुलातूनही नेम धरता येतो. आणि एक, रिव्हॉल्व्हरची पॉइंट ३२ एस अँड डब्ल्यू लाँग ही वेगळी गोळी आहे, नावात ३२ आहे म्हणून एकमेकांत चालत नाही, गोळ्या घेताना पिस्तुलाची की रिव्हॉल्व्हरची ते तोंडाने सांगा आणि डबा वाचून घ्या.

आता निवड. नवं पाहिजे असेल तर सरकारी फॅक्टरीचं अशनी आहे, इशापूरचं, स्टीलचं, सरळ साधं, त्याचे पार्ट आणि दुरुस्ती देशातच होते हा मोठा फायदा. (वजन फारच नको असेल तर कानपूरचं निर्भीक बघा, २०१४ मध्ये आलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती, टायटॅनियम अलॉयचं, साधारण अर्धा किलो, पण ते रिव्हॉल्व्हर आहे.) प्रीमियम म्हणून जी नावं घेतली जातात ती जवळपास सगळी जुनी इम्पोर्टेड, कारण सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली आणि बहुतेक आधी आलेला मालच हातोहात फिरतोय. म्हणून किंमत चढलेली असते, आणि ती किंमत दुर्मिळपणाची असते हे मनाशी पक्कं ठेवा, ऐंशी वर्षांपूर्वीचं वॉल्थर पीपीके घेताना तुम्ही ऐंशी वर्षांची झीज पण विकत घेताय.

नावं सांगतो. वॉल्थर पीपी १९२९ चं, पीपीके त्याचं आखूड भावंड, नळी ८३ मिलिमीटर, मॅगझीनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) सात गोळ्या, पीपीमध्ये आठ. पीपीके लपायला छान पण मोठ्या पंजाच्या माणसाला स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अंगठ्याच्या बेचक्यात चावते, हातात घेऊन बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. बेरेटा ८१, १९७६ ची, अॅल्युमिनियम फ्रेम, बारा गोळ्या, पण जाडी बरीच आहे, हाफ शर्टाखाली जाणवते. बेरेटा टॉमकॅट इवलंसं आहे, नळी वर उचलून गोळी घालता येते म्हणून ज्यांच्या बोटांत जोर कमी त्यांना सोयीचं, मात्र जोरदार गोळ्यांनी त्याच्या अलॉय फ्रेमला तडे जातात हे सगळीकडे माहीत आहे, तेव्हा वापरलेलं घेत असाल तर फ्रेम भिंगाखाली बघा. कोल्ट १९०३ आणि ब्राउनिंग १९१० दिसायला सगळ्यात देखणी, पातळ, खिशात अडकत नाहीत. पण या दोघांत फायरिंग पिनला (गोळीवर आदळणाऱ्या सुईला) अडवणारा ब्लॉक नाही, पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, गोळी ठेवून ती वागवायची नाहीत, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी ती घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट, धातू. दुकानात जाताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. फ्रेमला चिकटलं तर बहुतेक साधं स्टील, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम अलॉय असायची शक्यता जास्त, आणि हे बघायचं कारण म्हणजे पीपीके सुद्धा हलक्या अलॉय फ्रेममध्ये निघालेलं आहे, विकणाऱ्याला पण ते ठाऊक नसतं. काळं ब्लूइंग केलेलं स्टील इकडच्या हवेत सगळ्यात आधी गंजतं, ब्लूइंग म्हणजे नुसता पातळ थर, तेल असेपर्यंतच संरक्षण. स्टेनलेस बरं, पण मिठाने त्यालाही बारीक खड्डे पडतात, 'स्टेनलेस आहे' म्हणून पुसायचं सोडू नका. अॅल्युमिनियमवर लाल गंज येत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसगत होते, किनाऱ्यावरच्या घरात अॅल्युमिनियमच्या खिडकीला लोखंडी स्क्रू मारला की त्याच्याभोवती पांढरी पूड धरते ना, तेच पिस्तुलात होतं, फ्रेम अॅल्युमिनियमची आणि पिना-स्प्रिंगा स्टीलच्या, मध्ये घामाचं खारं पाणी, आणि वरचा अॅनोडायझिंगचा (अॅल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला संरक्षक) थर घासून गेला की आत खायला सुरुवात. म्हणून ग्रिपच्या पट्ट्या काढून आत बघा, बाहेरून आरशासारखं चमकणारं पिस्तूल ग्रिपखाली कुजलेलं असतं. कोणी 'नवीन पॉलिश केलंय' म्हणालं तर आणखी बारकाईने बघा, पॉलिशखाली खड्डे लपतात आणि नंबर पुसट होतात. एवढं सगळं बघून माझा कल रोज वागवायला शाबूत अॅनोडायझिंगच्या अलॉय फ्रेमकडे आहे, आणि घरातच ठेवायचं असेल, आठवड्याला तेल लावायची शिस्त असेल, तर स्टील.

जुनं हत्यार बघायला जाणकार मिस्त्रीला घेऊनच जा, त्याचे पैसे वसूल होतात. रिकामं करून नळीतून उजेडाकडे बघा, आतले आटे (पीळदार खाचा) स्वच्छ दिसले पाहिजेत, स्लाइड हलवून किती खुळखुळते ते बघा, सेफ्टी आणि डीकॉकर (ताणलेला घोडा गोळी न सुटता खाली आणणारी कळ) रिकाम्या पिस्तुलावर तपासून घ्या, मॅगझीनचे ओठ (वरच्या कडा) वाकलेले नाहीत ना बघा. दुसरं मॅगझीन मिळतंय का ते तिथेच विचारा, जुन्या इम्पोर्टेडचं मॅगझीन आणि स्प्रिंग नंतर शोधत बसाल. हत्यारावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर एकच पाहिजे, व्यवहार परवानाधारक डीलरमार्फत किंवा परवाना देणाऱ्या ऑफिसला कळवूनच, घेतल्यावर दिलेल्या मुदतीत नोंद. ओळखीतलं आहे, नंतर करू कागद, असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

वागवायचं कसं हेही घ्यायच्या आधीच ठरवा. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच कव्हरमध्ये पाहिजे आणि बाहेर काढून मिरवायला सक्त मनाई आहे, तेव्हा होल्स्टर हा पिस्तुलाइतकाच महत्त्वाचा खर्च धरा. चामड्याचं होल्स्टर कोकणात दिवसभर घाम पितं आणि रात्रभर तो घाम पिस्तुलाला पाजतं, म्हणून रोजच्यासाठी कडक सिंथेटिक बरं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि चामड्याचंच आवडत असेल तर घरी आल्यावर पिस्तूल त्यातून बाहेर काढायचंच. सहाशे-सातशे ग्रॅम ऐकायला कमी वाटतात पण एप्रिलच्या उकाड्यात पातळ कॉटनचा शर्ट आणि साधा पट्टा, संध्याकाळपर्यंत कंबर बोलते, जाड पट्टा घ्या. शिमग्याची पालखी, आंगणेवाडीची जत्रा, देऊळ, कोर्ट, लग्न आणि जिथे दारू आहे तिथे न्यायचंच नाही. आनंदात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

घरात भिंतीला बोल्ट केलेला छोटा स्टीलचा लॉकर आधी बसवा, पिस्तूल नंतर आणा. गोळ्या वेगळ्या, चावी एकाच माणसाकडे. गणपतीला चाकरमानी आले की घर पोरांनी भरतं, कपाटं उघडली जातात, माळ्यावर चढतात, तेव्हा 'आमची पोरं हात नाही लावत' हे चालत नाही.

पावसाळ्याचं सामान पण यादीत घ्या, इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चांगलं गन ऑइल, कॉटनच्या चिंध्या, नळीचा ब्रश, लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, ओल्या झाल्या की बदलायच्या. खोबरेल लावू नका, चिकट होऊन धरतं. डब्ल्यूडी-फॉर्टीने पाणी निघतं पण ते फार दिवस टिकत नाही, वरून तेल लावावंच लागतं. गोळ्यांना मात्र कसलंच तेल लागू देऊ नका, गोळीच्या मागच्या टोपीत, जिथे पिन आदळते तिथे, शिरलं तर ऐन वेळी गोळी फुटत नाही. रोज वागवत असाल तर रोज रात्री गोळ्या काढून पुसा, आठवड्याला ग्रिप काढून तेलाचा हात, जून ते सप्टेंबर दर तीन-चार दिवसांनी.

रायफल क्लब कुठला जवळ पडतो, तिथे आपल्या हत्याराने सराव करायला देतात का, गोळ्या किती मिळतात, हे घेण्याआधी विचारून ठेवा. सराव करता येणार नसेल तर रोकड बँकेत भरायची वेळ बदला, सोबत माणूस ठेवा, कॅमेरे लावा, पण पिस्तूल घेऊ नका, हे मी मनापासून सांगतोय.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते, कोणाचं जमा करायचं ते स्क्रीनिंग कमिटी ठरवते, सरसकट सगळ्यांनी असं नसतं, पण नोटीस आली तर दिलेल्या तारखेच्या आत द्या. देण्याआधी पूर्ण सुकवून नेहमीपेक्षा जाड तेल लावा, नळीत पण, होल्स्टर घरी ठेवा, आणि पावतीवर हत्याराचा नंबर, मॅगझीन किती, गोळ्या किती हे लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. परत मिळाल्यावर घरी येऊन त्याच दिवशी उघडून पुसून काढा.