ग्रीक चांदीची नाणी जमवायचीत? मिनँडरपासून सुरुवात करा

ग्रीक नाणी म्हटली की डोळ्यांसमोर येतं अथेन्सचं घुबड, नाहीतर सिकंदर. दोन्ही देखणी, पण महाग, आणि नकलाही भरपूर. शिवाय सिकंदराच्या नावाचं प्रत्येक नाणं त्यानं पाडलेलं नसतं. इ.स.पू. ३२३ मध्ये तो गेल्यावरही त्याच्या नावाची नाणी कितीतरी टांकसाळींतून निघत होती. नवशिक्यानं सरळ मिनँडरचा द्राख्मा (चांदीचं छोटं नाणं) शोधावा.

१. आधी राजा, मग नाणं. मिनँडर म्हणजे आपला मिलिंद, बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी त्याचंच नाव दिलं. त्यानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात राज्य केलं आणि नाणी भरपूर पाडली, म्हणूनच ती आजही मिळतात. भारताच्या वायव्येला राज्य करणाऱ्या इतर कित्येक हिंद-ग्रीक राजांची तर नाण्यांपलीकडे काहीच नोंद नाही.

२. वाचायला शिका. यात घाई नको. दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा, काही नाण्यांवर तो पाठमोरा, भाला उगारलेला. भोवती ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’. मागे वज्र फेकणारी अथीना आणि खरोष्ठी लिपीत ‘महाराजस त्रतरस मेनंद्रस’. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची. अथीनेजवळचं जोडाक्षरासारखं चिन्हही टिपून ठेवा. ते बहुधा टांकसाळीशी किंवा अधिकाऱ्याशी संबंधित असतं.

३. वजन करा, कड बघा. द्राख्मा साधारण अडीच ग्रॅमचा, झिजलेला असेल तर थोडा कमी. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा आणि दहापट भिंग एवढं पुरे. कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, साबणासारखे गुळगुळीत झालेले नक्षीचे कोपरे दिसले, तर नाणं ठोकलेलं नाही, ओतीव आहे, म्हणजे बहुधा नकली. एकाच विक्रेत्याकडच्या दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल, तर दोन्ही परत ठेवा. चांदीखालून तांबं डोकावलं तर मात्र लगेच नाक मुरडू नका. मुलामा देऊन फसवणारे त्या काळीही होते.

४. कागदपत्रं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परवानाधारकाकडूनच घ्या, पावती जपा. परदेशी नातेवाइकाला ‘भेट’ म्हणून धाडायचा विचार सोडा. शेतात हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

५. चकाकवू नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काही नको. काळसर झाक गेली की किंमतही जाते. पीव्हीसीची पाकिटं टाळा, आम्लमुक्त कागद वापरा.

६. पुढचा राजा. अपोलोडोटस या हिंद-ग्रीक राजाचा चौकोनी द्राख्मा घ्या: एका बाजूला हत्ती, दुसरीकडे वशिंडाचा बैल. इ.स. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहून गेलाय की मिनँडर आणि अपोलोडोटस या दोघांचे जुने द्राख्मे भडोचच्या बाजारात अजून चालतात. तिथून पश्चिम भारतातला शक राजा, क्षत्रप नहपान याच्याकडे या. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर अक्षरं ग्रीक, भाषा मात्र प्राकृत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये त्याची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारला होता. असं नाणं मिळालं तर तिरक्या उजेडात धरा: सातकर्णीच्या ठशातल्या तीन कमानींच्या टेकडीखाली नहपानाचं नाक किंवा कान दिसतोय का ते पाहा.