अल्कोहोलच्या मिश्रणाचा परावैद्युत स्थिरांक मोजताना

दोन पत्र्यांमध्ये द्रव भरला की त्यांची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, रिकाम्यापेक्षा जितकी पट होते, तो त्या द्रवाचा परावैद्युत स्थिरांक. वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये इथेनॉल आणि सायक्लोहेक्झेनच्या मिश्रणासाठी हे मोजमाप करायचं तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा. इथेनॉल हवेतलं बाष्प पटकन ओढतं. त्यात एक टक्का पाणी शिरलं, तरी त्याचा २५ अंश सेल्सिअसवरचा २४.५ हा स्थिरांक साधारण ०.५ ने वर सरकतो. ३ अँग्स्ट्रॉम छिद्रांच्या आण्विक चाळण्या (पाणी शोषणारे सच्छिद्र खडे) तापवून, कोरड्या थंड करून बाटलीत टाका आणि रात्रभर ठेवा. वर तरंगणारी पांढरी भुकटी सेलमध्ये, म्हणजे द्रव भरायच्या दोन पत्र्यांच्या भांड्यात, जाऊ देऊ नका.

मिश्रण वजनाने करा. मिसळल्यावर आकारमान बदलतं, त्यामुळे पिपेटच्या मापावर भिस्त नको. १० मिली इथेनॉल म्हणजे सुमारे ७.८५ ग्रॅम.

धारिता मोजणारा एलसीआर मीटर १ मेगाहर्ट्झवर ठेवा. कमी वारंवारतेला आयन पत्र्यांवर साचतात आणि धारिता खोटी फुगते. तारांची धारिता वजा करायला सेल आधी रिकामा मोजा, मग टोल्युइन (२.३८) भरून. या दोन बिंदूंत अंतर फार कमी, म्हणून कोरड्या मिथेनॉलने (३२.७) पडताळा घ्याच. पत्र्याला चिकटलेला एखादा बुडबुडाही आकडा खाली ओढतो. सेल तिरका करून हळूच टिचकी मारा.

आता खरी गंमत. इथेनॉलमध्ये सायक्लोहेक्झेन वाढवत न्या. स्थिरांकाचा आलेख दोन शुद्ध द्रवांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खाली झुकतो, कारण हायड्रोजन बंधांच्या साखळ्या तुटतात. काही रेणू वेटोळी करतात आणि त्यांचे द्विध्रुव (धन-ऋण टोकांच्या जोड्या) एकमेकांना खोडतात.