शिमग्याआधी जुना लॅपटॉप मार्गी लावताना

आमच्याकडे देवगडात फेब्रुवारी लागला की माळ्यावरून तीन वस्तू खाली येतात: आंबे काढायचे झेले, प्लास्टिकचे क्रेट आणि काकांचा लॅपटॉप. झेल्यांच्या जाळ्या शिवल्या जातात, क्रेट धुतले जातात, लॅपटॉपचं मात्र कोणी काही करत नाही. तो २०१२ सालचा, विंडोज ७ वर चालणारा. हंगामात त्याच्यावर बिलं निघतात, बॉक्सवर चिकटवायची लेबलं निघतात आणि कोणाकडे किती येणं आहे ते कळतं. काकांचं म्हणणं एकच, "चालता हा मां? मगे कित्याक हात लावतस?" चालतो, खोटं नाही. बटण दाबून चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचा, तरी पडद्यावर निळं कडं फिरतंच आहे. मागच्या वर्षी मी घड्याळ लावून बसलो. बटण दाबल्यापासून बिलाची विंडो उघडेपर्यंत सहा मिनिटं दहा सेकंद, आणि तोवर टेम्पोवाल्याचे चार हॉर्न.

असा एखादा लॅपटॉप तुमच्याही घरी असेल तर ही तयारी शिमग्याआधी उरका. एप्रिलमध्ये बागेतून डोकं वर काढायला फुरसत मिळत नाही.

हत्यारं घेण्याआधी कागदावर एकच गोष्ट लिहा: हे यंत्र नक्की कशासाठी ठेवायचं आहे? आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर ओळखीच्या एका मुलाने दहा-बारा वर्षांपूर्वी लिहून दिलेलं. तो आता आखातात आहे आणि ते सॉफ्टवेअर विंडोज ७ सोडून कुठे धड चालत नाही. म्हणून ७ ठेवायचं. तुमच्याकडे असं अडलेलं काही नसेल तर हा खटाटोप करूच नका, त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाका आणि मोकळे व्हा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० चाही पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तिकडे उडी मारून फार काही हाती लागत नाही.

विंडोज ७ चे सर्वसाधारण अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: या यंत्रावर बँक नाही, जीएसटीचं पोर्टल नाही, मेल नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्यात सापडलेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ चीच होती, आणि तेव्हा तर अपडेट चालू होते. पैशांची कामं फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. अगदीच नेट लागलं तर क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ पाठिंबा मिळणारी आवृत्ती). काम झालं की वाय-फाय बंद.

आता डेटा. इथे घाई करू नका, कारण आम्ही हात पोळून घेतलेत. काही वर्षांपूर्वी लॅपटॉप स्लो झाला म्हणून एका दुकानात दिला. तिथल्या मुलाने विचारलं, "डी ड्राइव्ह तसाच ठेवतो, चालेल ना?" काकांनी मान डोलावली. फोटो होते डी मध्ये, ते वाचले. बिलांचा डेटा मात्र सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर, जो नव्याने विंडोज टाकताना पुसला गेला. तीन हंगामांची गिऱ्हाइकं, पत्ते, येणी, सगळं साफ. काकूने जुन्या वह्या काढून मे महिन्याच्या उकाड्यात ते पुन्हा भरलं, आणि अजूनही कुणाची बाकी वसूल झाली नाही की तो विषय निघतो.

म्हणून आधी शोधा की तुमचं सॉफ्टवेअर डेटा ठेवतं कुठे. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की फोल्डरचा रस्ता दिसतो. तो अख्खा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा, एक पेन ड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मग त्यातली कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरंच उघडते का बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न कापून पाहिलेला आंबा, आत साका (खराब झालेला गर) आहे की नाही ते वरून कळत नाही. लेबलं जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उचला. नाहीतर नव्या विंडोजवर 'हापूस'च्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसेल. लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. विंडोजची प्रॉडक्ट की तिथेच असते, आणि घामाने, दमट हवेने ती अक्षरं दरवर्षी पुसट होत जातात. आमच्या स्टिकरवरचा आठ आहे की बी, यावर अर्धा तास गेला. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचे भाग विंडोजला ओळखू देणारी छोटी सॉफ्टवेअरं, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधीच उतरवून ठेवा, त्यातही लॅन आणि वाय-फायचे नक्की. विंडोज ७ नव्याने टाकलं की बरेचदा त्याला वाय-फायच ओळखता येत नाही, आणि ड्रायव्हर आणायला नेट लागतं.

मग साफसफाई. घाटावरच्या मित्राला हे सांगितलं की तो हसतो, पण किनाऱ्यावर निम्मा स्लोपणा मीठ आणि धूळ यांचा असतो. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःहून वेग कमी करतो. मागचं झाकण उघडताना स्क्रू गंजलेले असणार, हे धरून चला. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, स्क्रूच्या डोक्यावर शिवणमशीनच्या तेलाचा कणभर थेंब द्या, दहा मिनिटं थांबा. जोर केलात तर खाच झिजते, आणि मग लेथवाल्याकडे जाण्याची पाळी. पंख्यात हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तुरीच्या डाळीएवढी नवी लावा. आमच्या पंख्याशेजारी मुंग्यांनी अंडी घातली होती. बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर उचललेलं दिसत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुलत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती काढा. टोचू नका, दाबू नका. आणि रोज तारीख मागे जात असेल तर आतला सीआर २०३२ चा सेल संपला आहे. त्या चुकीच्या तारखेमुळे साइट उघडत नाहीत आणि लोक नेटला शिव्या देतात.

खरा वेग येतो तो एसएसडीने, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपच्या डिस्कने. खाली सांगितलेल्या सगळ्या सेटिंग एका पारड्यात आणि एसएसडी दुसऱ्यात टाकली तरी एसएसडीचं पारडं खाली जाईल, त्यामुळे पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर इथे करा. अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबी बिलांच्या कामाला पुष्कळ झाली. एनव्हीएमई, म्हणजे वेगळ्या जोडणीची नवी एसएसडी, घेऊ नका, जुन्या लॅपटॉपमध्ये जागा नसते आणि विंडोज ७ ला तिचा ड्रायव्हरही मुळात नाही. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची आणि एसएसडी सात मिलिमीटरची असते, म्हणून ती हलत असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावा. बसवण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, साटा मोड बघा. तो आयडीई (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) असेल तर एएचसीआय (नवी पद्धत) करायचा, पण जुनं विंडोज तसंच नव्या डिस्कवर क्लोन करणार असाल तर आधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत) एमएसएएचसीआय या सर्व्हिसची स्टार्ट किंमत ० करा आणि मग बायोस बदला. उलट क्रमाने केलंत तर निळा पडदा. नव्याने विंडोज टाकणार असाल तर हा प्रश्न येत नाही. तेव्हा दुसरा प्रश्न येतो: पेन ड्राइव्ह निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावला तर इन्स्टॉलेशन मध्येच ड्रायव्हर मागत बसतं, कारण विंडोज ७ ला यूएसबी ३ कळत नाही. काळ्या पोर्टमध्ये लावा. मी एक संध्याकाळ दुसरा पेन ड्राइव्ह शोधण्यात घालवली, आणि पोर्ट बदलायला दोन सेकंद लागले.

रॅम घेण्याआधी कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते बघा. ३२ बिट असेल तर चार जीबीपेक्षा जास्त रॅम घालणं म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणं. आमचं ६४ होतं, एक डीडीआर ३ ची पट्टी वाढवून आठ केले.

नव्याने टाकलं असेल तर सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टने दिलेला अपडेटचा मोठा संच) हवाच. त्यावर एप्रिल २०१५ चा केबी ३०२०३६९ हा अपडेट आणि मग मे २०१६ चा मोठा गठ्ठा, केबी ३१२५५७४, या क्रमाने. त्याने शेकडो अपडेट एका दमात बसतात. त्यानंतरचे जे मिळतात ते घ्या आणि मग विंडोज अपडेट बंद करा. नाहीतर ते पाठीमागे 'शोधत' बसतं आणि प्रोसेसर त्यातच अडकून पडतो. दुकानात वाट पाहत बसलेल्या अर्ध्या लॅपटॉपांचं दुखणं हेच असतं, असा माझा अंदाज.

सेटिंगचं काम तासाभराचं. रनमध्ये एमएसकॉन्फिग लिहा, स्टार्टअपमधून प्रिंटरचे मदतनीस, गाण्यांचे प्लेअर, फोनची सॉफ्टवेअरं यांच्या खुणा काढा. अँटिव्हायरस एकच ठेवा, दोन ठेवले की ते एकमेकांवर पहारा देतात. एसएसडीवर डीफ्रॅगचं (डिस्कवरचे विखुरलेले तुकडे जुळवण्याचं) वेळापत्रक आणि सुपरफेच (नेहमीची सॉफ्टवेअरं आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सेवा) बंद, जुनी डिस्कच ठेवली असेल तर दोन्ही चालू राहू द्या. रजिस्ट्री साफ करणारी आणि 'पीसी बूस्टर' नावाची सॉफ्टवेअरं फुकट मिळाली तरी नकोत. पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) बंद करायचा सल्लाही कोणी ना कोणी देईलच, तो ऐकून सोडून द्या.

दोन ठिकाणी मात्र सगळीकडे मिळणारा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. एक, व्हिज्युअल इफेक्ट्स. 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडलं की सगळ्या खुणा जातात, त्यातली अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारीही. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत रफार आणि ऱ्हस्व उकार तुटक होतात, आणि चष्मा लावूनही काकूला 'वेंगुर्ले' वाचता येईना. ती एक खूण परत लावा, वेगात काही फरक पडत नाही. दुसरी गोष्ट हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप पूर्ण बंद करण्याची. ते बंद केलं की रॅमच्या पाऊणपट जागा सुटते, म्हणून सगळे बंद करायला सांगतात. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. बॅटरी वीस मिनिटं जरी टिकत असेल तर हायबरनेशन चालू ठेवा आणि बॅटरी दहा टक्क्यांवर आली की लॅपटॉप आपोआप त्यात जाईल असं पॉवर ऑप्शन्समध्ये लावा. अर्धवट बिल जिथल्या तिथे सापडतं. ढग गडगडायला लागले की चार्जर भिंतीतून उपटा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि माळा सोडा. जून ते जानेवारी धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप आतून बुरशी धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास चालू करा. स्वतःची ऊब त्याला पुरते.

सगळं झालं की रंगीत तालीम. एका बैठकीत वीस खोटी बिलं काढा, मध्येच चार्जर ओढा, पुन्हा लावा, हायबरनेट करून उठवा. आमचं सहा मिनिटं दहा सेकंदांवरून अठ्ठेचाळीस सेकंदांवर आलं. काकांचं पहिलं वाक्य, "चाय खंयच्या येळाक करूची आता?" तालमीतली बिलं पुसायला विसरू नका. आम्ही विसरलो, आणि महिनाअखेरीस काकू 'अबक' नावाच्या गिऱ्हाइकाची बाकी शोधत होती.

प्रिंटरचंही त्याच दिवशी बघून घ्या. ट्रान्सपोर्टला तीन प्रती लागतात म्हणून आमचा डॉट मॅट्रिक्स अजून टिकून आहे. त्याचा ड्रायव्हर बॅकअपच्याच पेन ड्राइव्हवर ठेवा. सलग कागदाचा गठ्ठा पावसाळ्यातला असेल तर तो सादळलेला असतो, कार्बन चिकटतो आणि तिसरी प्रत कोरी निघते. तो दोन दिवस उन्हात नको, सावलीत पंख्याखाली पसरा. रिबन दोन आणा, दुसरीचं प्लास्टिक वापरायची वेळ येईपर्यंत फाडू नका.