दाराच्या प्लास्टिकवरचे बुटांचे काळे पट्टे अखेर गेले

ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या करड्या प्लास्टिकवर बुटांचे काळे पट्टे. कार शाम्पूने हलले नाहीत. डॅशबोर्ड पॉलिशने दोन दिवस लपले, मग पुन्हा हजर. अक्षरशः वैतागलो होतो.

काम केलं मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने. आधी साबणाच्या पाण्याने धूळ पुसली, नाहीतर तीच घासली जाते. स्पंज भिजवून तळहातांत दाबला. पिरगाळला की तुटतो. मग जोर न लावता आठ-दहा हात फिरवले, लगेच ओल्या कापडाने पुसून कोरडं केलं. हा स्पंज म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच, त्यामुळे चकचकीत काळ्या प्लास्टिकच्या सजावटी पट्टीला लावू नका, आणि आधी झाकलेल्या जागी करून बघा. त्याच प्लास्टिकवर किल्ली घासून पडलेली खोच मात्र तशीच आहे. तिथलं प्लास्टिकच खरवडून गेलंय.