आधी गवत शोधा: मोंटानाच्या डोंगरात वसंतातली काळ्या अस्वलाची शिकार

एप्रिल-मेमध्ये रॉकी पर्वतात काळं अस्वल हुडकायला निघालेला नवखा शिकारी दिवसभर काळा ठिपका शोधत बसतो आणि चार दिवसांनी हात हलवत परततो. त्याने गवत शोधायला हवं असतं. हिवाळी बिळातून बाहेर आलेलं अस्वल पहिले काही दिवस सुस्तच असतं, फारसं खात नाही, बिळाच्या आसपास घुटमळतं. भूक खवळली की ते कोवळ्या हिरवळीवर येतं. गवत वीतभराच्या आत असतं तेव्हाच त्यात प्रथिनं भरपूर आणि चोथा कमी असतो. अस्वलाचं पोट गाईसारखं नाही, त्याला जून गवत पचत नाही. म्हणून बर्फ जसजसं वर सरकतं, तसतसं अस्वलही त्याच्या मागोमाग डोंगर चढतं. सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी करायची.

इथे पश्चिम मोंटाना धरला आहे: बिटररूट, क्लार्क फोर्कचं खोरं, कॅबिनेट पर्वत. अमेरिकेत राहणारे मराठी शिकारी डोळ्यासमोर आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाच्या शिकारीला बंदी आहे, तेव्हा यातलं काहीही तिकडे लागू नाही.

कागदपत्रं

मोंटानात वसंत हंगाम १५ एप्रिलला उघडतो. बंद होण्याची तारीख विभागागणिक बदलते, १५ मेपासून १५ जूनपर्यंत. काही विभागांत माद्यांचा कोटा असतो आणि तो भरला की हंगाम तारखेआधीच बंद होतो. म्हणून त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचाच, शिवाय निघायच्या आदल्या रात्री ‘मोंटाना फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्स’ या खात्याच्या संकेतस्थळावर आपला विभाग अजून उघडा आहे ना, ते बघा.

कॉन्झर्वेशन लायसन्स आणि बेस हंटिंग लायसन्स घेतल्यावरच अस्वलाचं लायसन्स मिळतं. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. काळं अस्वल आणि ग्रिझली (तपकिरी अस्वलाची मोठी जात) यांतला फरक ओळखण्याची परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते. ती ऑनलाइन असते, पण उरकून टाकायची गोष्ट नाही, त्याचं कारण पुढे येईल. वर्षाला एकच अस्वल. आमिष टाकायला बंदी आहे. पिल्लांसोबतची मादी मारायला बंदी आहे. कमरेच्या वर ४०० चौरस इंच नारिंगी कापड बाहेरून दिसलं पाहिजे.

एच-वन-बी, एल-वन किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे, आणि त्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी हाच नियम लागू होतो. तेव्हा लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर. लायसन्सची मुदत संपली आणि रायफल घरात राहिली, तर तोही गुन्हाच. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

विमानाने जाणार असाल तर रायफल रिकामी करून कुलूपबंद कडक पेटीत ठेवा आणि चेक-इनलाच सांगा. अस्वल अंगावर आलं तर त्याच्या तोंडावर मारायचा तिखटाचा स्प्रे विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. तो तिथे पोचल्यावर विकत घ्यायचा.

नकाशावर गवत शोधणं

दक्षिण आणि नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या उतारांवरचं बर्फ आधी वितळतं, तेव्हा सुरुवात तिथून. त्यातही तीन जागा हमखास हिरव्या होतात. पहिली, हिमस्खलनाने झाडं साफ झालेल्या उभ्या पट्ट्या. दुसरी, जुन्या वणव्याने किंवा तोडीने मोकळे झालेले उतार. तिसरी, फाटक बंद असलेले लाकूडतोडीचे जुने रस्ते. धूप थांबावी म्हणून या रस्त्यांवर अनेक ठिकाणी क्लोव्हर (तिपानी चाऱ्याचं रोप) आणि गवत पेरलेलं असतं, आणि झाडीतून मिळणारं ऊनही तिथेच पडतं. एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याने बंद रस्तेच निवडावेत. चाल सोपी असते, आवाज होत नाही आणि मांस बाहेर काढताना जीव जात नाही.

फॉरेस्ट सर्व्हिस या केंद्रीय वनखात्याचा मोटारवाहन नकाशा उतरवून घ्या. कुठलं फाटक कोणत्या तारखेला उघडतं ते त्यावर लिहिलेलं असतं. १५ मेला उघडणाऱ्या फाटकामागचा उतार १० मेला निवांत असतो आणि १६ला गाड्यांनी भरतो. बऱ्याच बंद रस्त्यांवर साधी सायकल चालते. ई-बाइक मात्र फॉरेस्ट सर्व्हिसच्या लेखी मोटारवाहन आहे.

उंचीचा अंदाज मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल उपग्रहाच्या ताज्या चित्रांवरून घ्या. बर्फाची कड आज कुठे आहे ते दिसलं की तिच्या खालचे ३०० मीटर हा आपला पट्टा. एप्रिलअखेरीस तो दरीच्या तळाजवळ असतो, मेअखेरीस बराच वर. असे पाच-सहा उतार निवडा, आणि प्रत्येकासाठी समोरच्या धारेवर बसायची जागा ठरवा, एक ते दीड किलोमीटर अंतरावरची.

कधी जायचं? एकच आठवडा हाताशी असेल तर मेचा दुसरा पंधरवडा. बिळातून आधी मोठे नर निघतात, मग पिल्लं नसलेल्या माद्या, आणि त्या हिवाळ्यात व्यालेल्या माद्या सगळ्यांत शेवटी. एप्रिलमध्ये दिसलेलं अस्वल नर असण्याची शक्यता जास्त, पण मुळात दिसतातच कमी. मेच्या शेवटी जोडीदार शोधणारे नर भर दिवसा भटकू लागतात. जून उजाडला की मात्र अस्वलं झाडाला अंग घासायला लागतात आणि केसांचे पुंजके जातात. कातडं हवं असेल तर तेवढं थांबू नये.

बसणं आणि बघणं

१० बाय ४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातात धरून तासभर बघणं म्हणजे डोळे शिणवणं. सोबत स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) लागेलच, तो अस्वल शोधायला नाही, सापडलेलं ओळखायला. उताराच्या मनातल्या मनात पट्ट्या पाडा, एकेक पट्टी सावकाश बघा, आणि संपली की पहिलीपासून पुन्हा. खळग्यात चरणारं अस्वल वीस मिनिटं दिसत नाही, मग एकाएकी मोकळ्यावर येतं.

दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंतचा वेळ सगळ्यांत चांगला. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार टाकता येतो, आणि मेअखेरीस तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. सकाळ वाया गेली तरी चालेल, संध्याकाळ नाही.

सकाळचा वेळ रस्त्यांवर विष्ठा शोधण्यात घाला. वसंतातली ताजी विष्ठा हिरवीगार असते, चिवट गवताच्या दोऱ्यांनी भरलेली आणि वरून ओलसर चकचकीत. एक-दोन दिवसांत ती वरून काळी पडते, पण काठीने फोडली तर आत हिरवीच निघते. पांढुरकी, सुकून सुटी झालेली असेल तर ती जुनी, तिच्यावर दिवस घालवू नका. शेजारच्या क्लोव्हरचे शेंडे कापल्यासारखे खुडलेले आहेत का बघा. एका वळणावर ताज्या-जुन्या मिळून पाच-सहा विष्ठा दिसल्या तर तिथेच संध्याकाळ काढायची.

अस्वलाचं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं. सकाळी गार हवा दरीकडे उतरते, ऊन तापलं की वर चढते, आणि उतारावरचं ऊन गेलं की पुन्हा खाली वाहू लागते. बहुतेक शिकारी या शेवटच्या वळणाला फसतात. सात वाजता वारा वर जातोय म्हणून वरून उतरायला लागायचं, आठला सावली पडते, वारा फिरतो आणि आपला वास थेट अस्वलाच्या नाकात. संध्याकाळी शक्यतो त्याच्याच उंचीवरून आडवं जा. गालावरच्या वाऱ्यावर भरवसा नको, पावडरची छोटी बाटली खिशात ठेवून दर दोन मिनिटांनी चिमूटभर उडवा.

बार टाकायच्या आधी

इथे घाई केलेली चूक दुरुस्त होत नाही.

पहिला प्रश्न, ग्रिझली आहे का? अलास्का सोडून बाकी अमेरिकेत ग्रिझलीला १९७५ पासून संरक्षण आहे, आणि या डोंगरांत दोन्ही अस्वलं एकाच उतारावर चरताना दिसू शकतात. रंगाचा भरवसा बिलकूल धरू नका. मोंटानातली कितीतरी ‘काळी’ अस्वलं तपकिरी, दालचिनी, अगदी पिंगट असतात, आणि गडद ग्रिझलीही असते. ग्रिझलीच्या खांद्यावर स्नायूंचं वशिंड, कपाळापासून नाकाकडे खोलगट चेहरा, आखूड गोल कान आणि लांब, बरीचशी सरळ नखं. काळ्या अस्वलाला वशिंड नसतं, चेहऱ्याची रेघ सरळ, कान उंच, नखं आखूड आणि बाकदार. मान खाली घालून चढणाऱ्या काळ्या अस्वलाच्या खांद्यावरही उंचवटा दिसतो, म्हणून एका खुणेवर निकाल नाही. तिन्ही-चारही जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर उठून यायचं.

दुसरा प्रश्न, पिल्लं आहेत का? जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं पिल्लू मेमध्ये मांजराएवढं असतं आणि गवतात बुडून जातं. शिवाय मादी चरताना त्यांना झाडावर चढवून ठेवते, त्यामुळे एकटं दिसणारं अस्वल एकटं असतंच असं नाही. किमान अर्धा तास बघा. सारखं मागे वळून बघणं, एकाच मोठ्या झाडाभोवती घोटाळणं, थांबून कान टवकारणं ही मादीची लक्षणं. झाडीच्या कडेवरची खोडंही दुर्बिणीतून तपासा. मागच्या वर्षीची पिल्लंही या दिवसांत आईसोबत असू शकतात.

आकार ठरवायला कान बघा. डोक्याच्या मानाने कान मोठे आणि जवळजवळ असतील तर अस्वल लहान. लहान दिसणारे, डोक्याच्या दोन बाजूंना फाकलेले कान, जाड मनगटं आणि पोट जमिनीशी टेकल्यासारखं असेल तर प्रौढ नर.

रायफल .२७०, .३०८, .३०-०६ यांपैकी कुठल्याही काडतुसाची पुरते. गोळी मात्र फुटून न जाणारी, खोल जाणारी हवी. अंतर २०० यार्डांच्या आत आणा. अस्वल पूर्ण आडवं उभं राहून जवळचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा, आणि त्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या मधोमध नेम धरा. दाट केसांमुळे अंग आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, म्हणून फार खाली धरलेला नेम नुसते केस उडवतो. मागे लागली तर गोळी पोटात जाते. चरबी जखम बुजवते आणि केस रक्त शोषतात, त्यामुळे रक्ताचा माग फार कमी मिळतो. बार टाकताना अस्वल कुठे होतं, त्या झाडाचा किंवा दगडाचा फोटो बसल्या जागेवरूनच काढून ठेवा. समोरच्या उतारावर पोचल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात.

आणि त्याच्या खाली काय आहे ते आधी बघा. मेमध्ये ओढे बर्फाच्या पाण्याने दुपारनंतर तुडुंब वाहतात. उभ्या उतारावरून घरंगळलेलं अस्वल त्यात गेलं की संपलं. आपणही ओढा पहाटे ओलांडावा, तेव्हा पाणी सगळ्यांत कमी असतं. हिमस्खलनाच्या पट्ट्या दुपारच्या उन्हात ओलांडू नका, वर बर्फ शिल्लक असेल तर ते तेव्हाच सुटतं.

कातडं आणि मांस

मध्यम नराचं हाड काढलेलं मांस तीसेक किलो, डोकं-पंज्यांसह कातडं आणखी वीसेक. एकट्याला दोन फेऱ्या. म्हणून एकट्याने फाटकापासून तीन-चार किलोमीटरांपलीकडे बार टाकू नये. आसपास ग्रिझली असतात, तेव्हा स्प्रे कमरेला हवा, सॅकमध्ये नव्हे. दोघं असाल तर एकाने सोलावं, दुसऱ्याने पहारा करावा. मांस रात्री तिथेच ठेवायची वेळ आली तर आतड्यांपासून लांब, १० फूट उंच आणि खोडापासून ४ फूट दूर टांगा, आणि सकाळी मोठ्याने बोलत परत जा.

सोलायला लगेच घ्या. चरबी आणि केस मिळून गोधडीच असते, गार हवेतही आतलं मांस नासतं. मांस कापडी पिशव्यांत, सावलीत, वारा लागेल असं ठेवा. गरम कातडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं की एका रात्रीत केस सुटतात. आधी पसरून गार करा, मग घडी. लिंगाची खूण कातड्याला जोडलेलीच राहू द्या. ४८ तासांत खात्याला कळवायचं असतं, आणि बऱ्याच विभागांत १० दिवसांच्या आत कातडं आणि कवटी दाखवायला न्यावी लागते, तिथे वय मोजायला एक दात काढून घेतात. कवटी फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर जबड्यात आधी काठी अडकवा, गोठल्यावर तोंड उघडत नाही.

कातडं, नखं भारतात नेऊ नका. अमेरिकन काळं अस्वल साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा गुन्हा.

अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो, आणि त्याच्या उत्तरेकडच्या काही जाती फ्रीझरच्या थंडीलाही दाद देत नाहीत. आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस, तापमान गेलंच पाहिजे. आपला प्रेशर कुकर याला सगळ्यांत उत्तम: आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, एक शिटी आणि मग मंद आचेवर ४० मिनिटं. खांद्याचं चिवट मांसही सुटून येतं. कबाब किंवा तव्यावरचे तुकडे करायचे तर थर्मामीटर खुपसून बघा, रंगावर जाऊ नका. कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. मित्रांना वाटाल त्या प्रत्येक पाकिटावर मार्करने लिहा: अस्वल, पूर्ण शिजवा.