खाडीच्या चिखलात कार्बन किती साठलाय ते मोजायचं कसं

कांदळवनातला कार्बन म्हटलं की सगळ्यांची नजर झाडांवर जाते, पण साठ्याचा मोठा हिस्सा खालच्या चिखलात असतो. तिवराची (कांदळवनातलं एक झाड) पानं, मेलेली मुळं, भरतीबरोबर आलेला गाळ, सगळं थरावर थर बसत जातं आणि पाणी धरलेल्या त्या चिखलात हवा पोचत नाही म्हणून ते शेकडो वर्षं पूर्ण कुजतच नाही. पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, ती हवा नसल्याचीच खूण. वर खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेनपण गोड्या पाण्याच्या दलदलीपेक्षा कमी बनतो.

आधी परवानगी. आपल्याकडे कांदळवनं संरक्षित आहेत आणि २०१२ पासून वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे, तिथून लेखी घ्या, कॉलेजचं पत्र जोडलं तर बरं.

मग दिवस ठरवा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडे भरतीची वेळ साधारण कळते, कोळी लोकांचा जुना हिशोब आहे हा. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ संध्याकाळ ६ च्या आसपास भरती आणि दुपारी १२ च्या सुमारास सुकती, शिवाय भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने उधाणासारखं पाणी आत घुसत नाही, म्हणून मी तर अष्टमीच धरायला सांगेन. तरी भरतीचं टेबल बघूनच निघा आणि एकट्याने अजिबात जाऊ नका. नाडीचे बूट घाला, चपला चिखलात राहतात आणि कालवांनी पाय फाटतात.

सामान साधंच लागतं. ५ सेंमी आतल्या व्यासाचा, सव्वा मीटर लांब पीव्हीसी पाइप, खालची कड कानसीने धारदार केलेली, लाकडी हातोडा, पाइपाच्या तोंडाला बसेल असं बूच, सुरी, टेप, पिशव्या आणि पेन्सिल. पेनची शाई खाऱ्या पाण्यात पुसून जाते आणि मग कुठली पिशवी कुठली ते कळत नाही, अख्ख्या दिवसाची मेहनत वाया.

खाडीच्या कडेपासून जमिनीकडे सरळ रेघ धरा आणि तिच्यावर निदान ५ जागा घ्या, कारण कडेचा चिखल आणि आतला चिखल सारखा नसतो. पाइप हळूहळू १ मीटर खाली घाला. आतला चिखल बाहेरच्यापेक्षा फार खाली गेलेला दिसला तर तो दाबला गेलाय, तो सोडून बाजूला परत घ्या. नाहीतर बूच घट्ट बसवून पाइप वर ओढा. आता ०-१५, १५-३०, ३०-५० आणि ५०-१०० सेंमी असे चार थर धरून प्रत्येकाच्या मधला ५ सेंमीचा तुकडा कापून घ्या, शिंपले काढून टाका कारण त्यांच्यातला कार्बन वेगळा, तो यात धरायचा नाही.

ओव्हनमध्ये ६० अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा, दोन तीन दिवस लागतात. मग माती परीक्षण लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब (म्हणजे कार्बन) काढून घ्या, पण माती खारी आहे हे त्यांना आधीच सांगा, नेहमीच्या टेस्टमध्ये मिठामुळे आकडा फुगून येतो.

आता हिशोब. तुकड्याचं आकारमान साधारण ९८ घन सेंमी. वाळून ५९ ग्रॅम भरला तर घनता ०.६ (ग्रॅम दर घन सेंमी). कर्ब ३ टक्के निघाला, आणि सोपं पडावं म्हणून सगळ्या थरांत तेवढाच धरला, तर ०.६ × ०.०३ × १०० सेंमी × १०० = हेक्टरी १८० टन कार्बन (शेवटचे १०० हे चौरस सेंमीतल्या ग्रॅमचे हेक्टरी टन करायला). तेवढ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड किती ते काढायला ३.६७ ने गुणलं की साधारण ६६० टन. हे फक्त उदाहरण, तुमच्या खाडीचे आकडे वेगळे येणार आणि चारही थरांचा हिशोब वेगवेगळा करून शेवटी बेरीज मारायची.

झाडांसाठी तिवराचा घेर १.३ मीटर उंचीवर मोजा, कांदळाला (खोडातून आधारमुळं फुटणारं झाड) मात्र सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंमी वर, नाहीतर मुळांचा गुंताच मोजला जातो.

आणि चिखलात उतरलाच आहात तर पाण्याच्या वाटा बघून घ्या. डेब्रिज टाकून किंवा रस्त्याखालचा पाइप बुजून भरतीचं पाणी अडलं की तिवर वाळतं, चिखल सुकून भेगा पडतात, त्यात हवा शिरते आणि इतक्या वर्षांचा साठा परत हवेत जायला लागतो. नवीन रोपं लावण्याआधी अशी बुजलेली तोंडं मोकळी करून घ्या, पाणी फिरायला लागलं आणि बी वाहून आलं की तिवर बऱ्याचदा आपोआप उगवतं. रोपं लावायला मोकळा चिखलपट्टा मात्र धरू नका, तिथे फ्लेमिंगो चरतात. बुजलेल्या तोंडाचा फोटो, लोकेशन आणि तारीख वहीत लिहून तक्रारीला जोडा.